मृतसाठा

घर आवरण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती दुसऱ्याचं घर आवरायला निघालेल्यांबद्दल. पूर्वी अशी माणसं कमी होती. पाहुणे यायचे, चहा प्यायचे, पंखा जरा मोठा करायला सांगायचे आणि "बसायला बरं आहे हो तुमच्याकडे" असं म्हणून शेवटच्या एस.टी.नं निघून जायचे. हल्लीचे पाहुणे दारातच थबकतात, खोलीवरून एक नजर फिरवतात आणि पंचनाम्याला आलेल्या हवालदाराच्या आवाजात विचारतात, "एवढं सगळं लागतं तुम्हाला?"

या पंथाचा एक निष्ठावंत प्रचारक आमच्या नात्यातच आहे. हिचा धाकटा भाऊ. मूळचा इंदापूरचा, पण हल्ली पुण्याला असतो. राहणारी माणसं दोन आणि खोल्या चार, म्हणजे दरडोई दोन खोल्या. आमच्या बारामतीच्या घरात हा हिशोब उलट्या बाजूनं मांडावा लागतो. माणसं पाच आणि बसण्या-उठण्यासारखी खोली एक. स्वयंपाकघर आहे, पण तिथं एका वेळी एकच माणूस रागावू शकतं. आत आणखी एक खोली आहे, पण तिच्यात पलंग आणि कपाट गेल्यापासून आम्ही तिरपे होऊन जातो.

तेव्हा सगळा भार त्या एका खोलीवर. आजोबा तिला माजघर म्हणत, वडील बाहेरची खोली म्हणत, आणि मुलं आता हॉल म्हणतात. नाव बदललं म्हणून काम बदललं असं नाही. 2024 च्या वेतनकरारात आम्हा बँकेतल्या कारकुनांचंही नामकरण 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं झालं. खिडकी तीच, रांग तीच, आणि "साहेब, पासबुक भरून द्या" म्हणणारे आजोबाही तेच.

या दहा बाय पंधराच्या खोलीत पहाटे साडेपाचला आईची जपमाळ चालते, म्हणजे ती देवघर असते. सात वाजता तिथं दप्तरं, डबे आणि न सापडणारा एक मोजा यांची गर्दी होते, म्हणजे ती बसस्थानक असते. अकरानंतर हिचं शिवणयंत्र सुरू झालं की कारखाना. दुपारी शेंगदाणे निवडायला नाहीतर कुरडया वाळवून आत घ्यायला कोठार. संध्याकाळी मुलीची अभ्यासिका, आठ वाजता ताटं मांडली की खानावळ, आणि दहा वाजता गाद्यांची चवड उतरली की धर्मशाळा. म्हणजे चोवीस तासांत एकाच खोलीच्या सात खोल्या होतात. एवढं उत्पन्न देणारी दुसरी मालमत्ता माझ्याजवळ नाही.

तर गेल्या मे महिन्यात मेहुणा आला आणि म्हणाला, "दाजी, तुमचा हॉल मी डिक्लटर करून देतो. दोन दिवसांचं काम. मग इंदापूरचं घर घेऊ." यातलं 'घेऊ' त्यानं अशा थाटात म्हटलं की पेशव्यांनी अटक घेतलं तेव्हा इतकं सहज म्हटलं असेल की नाही, शंकाच आहे.

त्याची योजना मोबाइलमध्ये तयार होती. चार ढीग करायचे. ठेवायचं, द्यायचं, विकायचं, टाकायचं. आणि कुठली वस्तू कुठल्या ढिगात जाणार हे ठरवायला तीन कलमं. एक, वस्तू हातात घेतल्यावर आनंद होतो का? दोन, गेल्या वर्षभरात वापरली का? तीन, तसलीच दुसरी घरात आहे का? ही तीन कलमं आज घरोघर कायद्यासारखी फिरताहेत, म्हणून त्यांचा एकेक करून समाचार घेणं भाग आहे.

पहिलं कलम जपानहून आलं. मारी कोंडो नावाच्या बाईंचं पुस्तक 2014 साली इंग्रजीत आलं, 2019 मध्ये त्यांची मालिका आली, आणि जगभर लोक आपापल्या वस्तू हातात घेऊन 'आनंद होतोय का' हे तपासू लागले. आनंद न झाल्यास वस्तूचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. मी हा प्रयोग अगदी प्रामाणिकपणे केला. रेशनकार्ड हातात घेतलं. आनंद झाला नाही. घरपट्टीची पावती घेतली. दुःखच झालं. चिरंजीवांचं गणिताचं प्रगतिपुस्तक घेणार होतो, पण त्याआधीच हिनं ते काढून घेतलं. कुकरची जुनी शिटी, ठिबकचे चार तुकडे, गॅसची पुस्तिका, आईचा गुडघ्याचा पट्टा. कशानंही काही होईना. सबंध खोलीत मला खराखुरा आनंद देणारी वस्तू एकच निघाली. ती म्हणजे मेहुण्याची बॅग, कारण ती भरलेली होती आणि दाराजवळ होती.

संसार हा काही आनंदावर चालत नाही, तो पावत्यांवर चालतो. आणि खुद्द कोंडोबाईंना हे कळलं आहे. तिसरं मूल झाल्यावर, 2023 साली, त्यांनी मोकळेपणानं सांगून टाकलं की घर टापटीप ठेवण्याचा आग्रह आता आपण बराचसा सोडून दिला आहे. तेव्हापासून मला त्या बाईंबद्दल खरा आदर वाटू लागला. आमच्या आईला हीच गोष्ट पहिल्या मुलाच्या वेळी कळली होती. फरक एवढाच, की तिनं पुस्तक लिहिलं नाही.

आता दुसरं कलम. वर्षभर वापरली नाही ती वस्तू निरुपयोगी. इथं मात्र माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. बँकेत एखाद्या खात्यावर खातेदारानं दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार केला नाही, तर आम्ही ते निष्क्रिय धरतो. धरतो म्हणजे काय करतो? पैसे रद्दीत घालतो? दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे जाते. हा निधी 2014 पासून आहे. आणि तिथं गेल्यावरसुद्धा खातेदार किंवा त्याचा वारस कागदपत्रं घेऊन आला, तर त्याचे पैसे त्याला परत मिळतात. म्हणजे जिला कुणी कधी हळवी म्हटलेलं नाही ती रिझर्व्ह बँक दहा वर्षं वाट बघते आणि नंतरही नाही म्हणत नाही. आणि माझा मेहुणा आईच्या काठवटीला तीनशे पासष्ट दिवसांची मुदत देतो!

वर्ष हे माप कुणी ठरवलं? आमच्या भागात तरी वस्तूंची वर्षं निरनिराळी असतात. तुकोबांची पालखी उंडवडीहून बारामतीत मुक्कामाला येते, मग सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. त्या एका रात्री आमच्या या खोलीत पंधरा-सोळा वारकरी झोपतात. म्हणून सहा सतरंज्या, एक मोठं पातेलं, दोन परातींएवढी झाकणी आणि स्टीलचे चाळीस पेले वर्षभर माळ्यावर आणि दिवाणाखाली पडून असतात. मेहुणा मे महिन्यात आला होता. सतरंज्या वापरून अकरा महिने झाले होते. म्हणजे त्याच्याच कायद्यानुसार त्या केवळ एक महिन्यानं बचावल्या. पुढं काटेवाडीला पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या घालतात. सारं गाव पँट घालू लागलं म्हणून कुणी ती धोतरं 'वापरात नाहीत' या सदरात टाकली असती, तर पालखी काय चटईवरून न्यायची?

आणि काही वस्तू तर पिढीतून एकदाच लागतात. पाळणा घ्या. 'वर्षातून एकदा वापरलाच पाहिजे' हा नियम पाळण्याला लावला, तर कुटुंबनियोजन खात्यानं तोंड कुठं लपवावं?

तिसरं कलम दुबार वस्तूंचं. एक असताना दुसरी कशाला? याला उत्तर द्यायला मी असमर्थ आहे, पण बारामती समर्थ आहे. कविवर्य मोरोपंत इथंच राहिले, इथंच त्यांनी लिहिलं आणि 1794 साली ते वारले. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं मानतात. एकच गोष्ट, एकशे आठ वेळा! त्यात एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचं. त्या काळी कुणी मेहुणा पुण्याहून आला असता तर म्हणाला असता, "पंत, रामायण एकच ठेवू. बाकीची एकशे सात द्यायच्या ढिगात टाकू." पंत गेले तेव्हा मराठी छापखाने अजून यायचे होते. त्यांचा सगळा पसारा नंतर कितीतरी वर्षं पोथ्यांच्या रूपानं कुणाच्या ना कुणाच्या घरात, कापडात गुंडाळून, कोनाड्यात आणि माळ्यावर पडून राहिला. तो कुणी आवरला नाही, म्हणून आज विद्यापीठाला अभ्यासक्रम आहे.

इथपर्यंतचं सगळं मी मेहुण्याला ऐकवलं. तो हसला. "दाजी, तुम्ही बोलायला भारी," म्हणाला आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. तो मुद्दा इंदापूरच्या घराचा होता, आणि तिथं माझं हसू संपलं.

इंदापूरच्या घरात सासूबाई एकट्या असतात. त्यांचं मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण 1980 साली पुरं झालं, त्याच्या आधीच इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतल्या कितीतरी गावांनी घरं सोडली. पसारा आवरणं म्हणजे काय हे ज्यांना खरोखर शिकायचं असेल त्यांनी या लोकांना विचारावं. त्यांच्यापुढं चार ढीग नव्हते, दोनच होते. गाडीत मावेल ते आणि पाण्यात जाईल ते. सासूबाईंच्या घरच्यांनी वासे काढून आणले, जातं आणलं आणि माजघराचं दार चौकटीसकट आणलं. तेच दार आज इंदापूरच्या घराला आहे. ते इतकं बुटकं आहे की प्रत्येक जावयाला वाकूनच आत जावं लागतं, आणि सासूबाईंना ते मनापासून पसंत आहे. उखळ मात्र राहिलं. ते जमिनीत पुरलेलं होतं. दुष्काळात धरणाचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक गाड्या करून बघायला जातात. सासूबाई कधी जात नाहीत. म्हणतात, "देऊळ बघायला जायचं आन् गाळात आपलं उखळ दिसायचं."

त्यांच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. मेहुण्याच्या योजनेत तिच्यापुढं 'टाकायचं' असं लिहिलं होतं. पलंग काढायचा, पेटी काढायची, बुटकं दार काढायचं आणि तिथं सोफा टाकायचा. त्या पेटीत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण ती त्यानं कधी उघडलीच नव्हती. मला ठाऊक आहे, कारण मला कागद दिसला की वाचायची व्यावसायिक खोड आहे. पेटीत भूसंपादनाची नोटीस आहे, बुडालेल्या जमिनीचे उतारे आहेत आणि सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. आता हे कागद कुणाच्या काय कामाचे? महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांना सरकारी नोकरीत समांतर आरक्षण आहे, आणि आपण प्रकल्पग्रस्ताचे वारस आहोत हे सिद्ध करायला त्या नोटिशीसारखा आधार नाही. जातपडताळणीचंही तसंच. अनुसूचित जाती-जमातींना 1950 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना 1961 च्या आधीचा आणि इतर मागासवर्गीयांना 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नातीचं इंजिनिअरिंग अडतं. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गावोगाव माणसं माळ्यावर चढली, जुनी दप्तरं झटकली आणि मोडी वाचणाऱ्यांचा भाव वधारला. ज्यांच्या घरातल्या कुणी हुशार माणसानं आधीच आवराआवर केलेली होती ती माणसं कपाळाला हात लावून बसली. हे कागद हातात घेतल्यावर आनंद होत नाही, वर्षातून एकदाही ते लागत नाहीत. लागतात तेव्हा मात्र त्यांच्यावाचून दार उघडत नाही.

हा न्याय मला त्या उजनीनंच शिकवला. धरण भरलं की त्यात साधारण 117 टीएमसी पाणी असतं. त्यातलं 63 टीएमसीच्या वर पाणी हा मृतसाठा. म्हणजे कालव्याच्या तोंडाखाली राहिलेलं, आपणहून वाहत न येणारं, हिशोबात 'उपयुक्त' न धरलेलं. निम्म्याहून जास्त धरण नुसतं पडून! मेहुण्यासारख्या माणसाच्या हाती पाटबंधारे खातं दिलं असतं तर त्यानं तळाला भोक पाडून एवढी जागा मोकळी केली असती. पण पाऊस रुसला की काय होतं? उपयुक्त साठा संपतो, धरण उण्यात जातं, आणि मग सोलापूरसारखं शहर दुबार पंपिंग करून त्याच मेलेल्या पाण्यावर जगतं. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. तेव्हा लाखो लोकांनी जे प्यायलं त्याला कागदोपत्री मृत म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला तहान लागलेली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक घरालाही असा मृतसाठा असतो, आणि तो बहुधा त्या एका खोलीतच असतो. पलंगाखाली, दिवाणात, कपाटाच्या डोक्यावर, दारामागच्या खुंटीवर. सुकाळात जन्मलेल्या माणसाला तो पसारा दिसतो. 'लागेल तेव्हा नवीन आणू' हे वाक्य तीच माणसं म्हणतात ज्यांना लागेल तेव्हा नवीन आणता येतं. आमच्या आईनं आणि सासूबाईंनी आयुष्यात ते वाक्य कधी उच्चारलेलं नाही. तुटका डबा त्यांनी ठेवला तो कंजूषपणानं नव्हे, दुसरा मिळेल याची खात्री नव्हती म्हणून. त्या सवयीला आता आजार म्हणायचं आणि त्यांच्याच देखत ती चिमट्यात धरून बाहेर टाकायची, याला आवरणं म्हणत नाहीत.

आणि इथंच माझं खरं भांडण आहे. कुठल्याही घरातली आवराआवर नीट बघा. पहिल्यांदा बाहेर काय जातं? ज्याचा आवाज सगळ्यांत बारीक त्याचं सामान. म्हातारीची पेटी, हिची शिवणाची चिंध्यांची पिशवी, मुलीनं गोळा केलेल्या काड्या आणि शंख. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या बंद पडलेल्या रेडिओला, किंवा पाहुण्या सल्लागाराच्या व्यायामाच्या सायकलीला कधी हात लागल्याचं ऐकिवात नाही. बँकेत कोट्यधीशाचं खातं असो की तीनशे रुपयांचं, त्याच्या सहीशिवाय मला ते बंद करता येत नाही. सही येत नसेल तर अंगठा घेतो, पण घेतोच. घरात मात्र ज्याला वाटेल तो दुसऱ्याचं खातं बंद करतो, आणि वर 'किती मोकळं वाटतंय!' असंही म्हणतो. मोकळं कुणाला वाटतंय? ज्याचं काहीच गेलं नाही त्याला.

म्हणून मी मेहुण्याची योजना फेटाळली आणि माझी मांडली. कारकुनाची योजना, तेव्हा तीत भव्य काही नाही. पहिला नियम, ज्याची वस्तू त्याची सही. दुसऱ्याच्या वस्तूला 'लागतं का?' एवढं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. दुसरा नियम, खोली जागेनं नव्हे, घड्याळानं लावायची. सातला लागणारं दाराशी, अकराला लागणारं यंत्राशी, दहाला लागणारं भिंतीशी. सात खोल्यांचं सामान एका खोलीत राहायचं तर ते पाळीपाळीनं पुढं आलं पाहिजे. तिसरा नियम, कागद एकाच पेटीत, झाकणाला आतून यादी चिकटवून, आणि त्या यादीची दुसरी प्रत दुसऱ्या घरात.

नियम ठरल्यावर मी वही घेऊन रीतसर मोजदाद केली, कुठली वस्तू कुठल्या साली आली तेही लिहिलं. तेव्हा एक गंमत निघाली. खोली अडवून बसलेल्या सामानात आईचं म्हणण्यासारखं फार थोडं होतं. खरी जागा खाल्ली होती गेल्या चार-पाच वर्षांत आलेल्या खोक्यांनी. मोबाइलची रिकामी खोकी, मिक्सरचं खोकं, 'परत करायला लागलं तर' म्हणून ठेवलेली, मुदत कधीच संपलेली पुठ्ठ्याची खोकी, आणि कुठल्याच यंत्राला न लागणाऱ्या चौदा वायरी. त्यातलं निम्मं सामान पुण्याहून भेट म्हणून आलेलं होतं, आणि भेट कुणाची हे मी सांगत नाही. चिरंजीवांनी खोक्यांवर सही केली. मुलीनं वायरींवर केली. भंगारवाल्यानं सगळ्याचे मिळून सत्तर रुपये दिले.

आईला मी विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, आपल्या हातानं एक फुटकी बरणी, दोन पत्र्याचे डबे आणि वडिलांच्या चपलांचा जोड बाहेर काढला. चपला थोडा वेळ हातात धरल्या आणि परत आत ठेवल्या. बरणी आणि डबे दिले. कुणी काही बोललं नाही, मेहुणासुद्धा नाही. मग पुढच्या रविवारी तो इंदापूरला गेला, आईच्या पलंगाशी बसला आणि त्यानं ती पेटी जन्मात पहिल्यांदा उघडली. आता तिच्या झाकणाला यादी आहे, त्याच्याच अक्षरात. दार अजून बुटकं आहे.

घर आवरावं, जरूर आवरावं. केर दारात साठू देऊ नये, खोकी घरात साठू देऊ नयेत. पण तळाच्या पाण्याला हात घालण्यापूर्वी ते कुणी साठवलं आणि कुठल्या दुष्काळात साठवलं, एवढी चौकशी करावी. पुढचा पाऊस कधी पडणार हे ज्याला नक्की ठाऊक असेल त्यानं खुशाल आपलं धरण रिकामं करावं. मला ठाऊक नाही. मी बारामतीचा रहिवासी आणि इंदापूरचा जावई आहे. दोन्हीकडं आम्ही पाण्याबद्दल खात्रीनं बोलत नाही.